कोऱ्या नजरेचे स्तोम

अडलेले कोडे सोडवायचे असेल तर ते जाणकाराच्या हातून काढून परक्याच्या हाती द्यावे, हे मत आता इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. कंपन्यांच्या कार्यशाळांत ते सांगितले जाते, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत सांगितले जाते, आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकांत छापून येते. जाणकार सवयीने आंधळा झालेला असतो, नवख्याची पाटी कोरी असते, म्हणून पंडितांना पिढ्यान्‌पिढ्या जे दिसले नाही ते त्याला घटकाभरात दिसते. या मताच्या बाजूने हमखास दोन साक्षीदार उभे केले जातात. एक, कलकत्त्याच्या टाकसाळीतला जेम्स प्रिन्सेप. त्याने १८३७ मध्ये अशोकाची ब्राह्मी वाचली. दुसरा, लंडनचा वास्तुविशारद मायकेल व्हेंट्रिस. त्याने १९५२ मध्ये क्रीट बेटावरची ‘लिनिअर बी’ लिपी उलगडली. दोघांपैकी एकही पेशाने भाषापंडित नव्हता. मला या दोघांची उलटतपासणी घ्यायची आहे, कारण माझ्या मते ते ज्या बाजूने बोलावले गेले त्या बाजूचे नाहीतच.

मात्र पूर्वपक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे, नाहीतर खंडन म्हणजे नुसती हातघाई. १९४२ मध्ये अब्राहम ल्युचिन्स या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन भांडी, त्यांची मापे ठरलेली, आणि अमुक इतके पाणी मोजून द्यायचे. एक गणित असे: भांडी २१, १२७ आणि ३ मापांची, पाणी हवे १००. मधले भांडे भरा, त्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून काढा, शंभर उरतात. अशी काही गणिते याच रीतीने सुटतात. मग हळूच वेगळे गणित येते: भांडी २३, ४९ आणि ३, पाणी हवे २०. हात बसलेला माणूस पुन्हा तोच द्राविडी प्राणायाम करतो. ४९ मधून २३ काढतो, मग ३, मग पुन्हा ३. उत्तर बरोबर येते. पण पहिल्या भांड्यातून तिसरे एकदा काढले की काम झाले, हे त्याच्या लक्षात येत नाही. ज्याला हेच गणित थेट दिले, त्याला ते लगेच दिसते.

बुद्धिबळातला पुरावा याहून बोचरा आहे. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लिऑड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाडूंपुढे असा पट मांडला होता की एक ओळखीची, पाठ झालेली मात चटकन दिसावी आणि तिच्याहून कमी खेळ्यांची, पण कमी परिचयाची मात पटावरच असावी. पहिली मात सापडल्यावर खेळाडू म्हणत, आम्ही आता आणखी चांगली शोधतो आहोत. त्यांची नजर कोणत्या घरांवर पडते हे यंत्राने टिपले, तेव्हा दिसले की डोळे पुन:पुन्हा त्याच पहिल्या उत्तराच्या घरांकडे वळत होते. म्हणजे प्रामाणिकपणे शोधणारा माणूसही शोधत नसतो. भरीला थॉमस कून यानेही १९६२ च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे की विज्ञानात मूलभूत फेरमांडणी करणारे बहुधा वयाने लहान तरी असतात किंवा त्या क्षेत्रात नवे तरी. पूर्वपक्ष एवढा भक्कम आहे, आणि सवय नजर बांधून टाकते एवढा त्याचा भाग मला मान्यच आहे.

पण याच प्रयोगांचा पुढचा भाग कार्यशाळांत सांगितला जात नाही. ल्युचिन्सने काही जणांना मध्येच कागदावर ‘आंधळेपणा करू नका’ अशा अर्थाचे वाक्य लिहायला लावले. तीच माणसे, तीच सवय, तेच गणित. तरी बऱ्याच जणांना सोपी वाट दिसू लागली. माणूस बदलावा लागला नाही, एक इशारा पुरला. बुद्धिबळाच्या अभ्यासातही खेळाडू जसजसा वरच्या दर्जाचा, तसतसा तो या जाळ्यात कमी अडकत गेला, आणि ग्रँडमास्टर तर अडकलेच नाहीत. आंधळेपणा ज्ञानाने येत असता तर सर्वांत आंधळे तेच ठरायला हवे होते. नजर बांधली जाते ती अर्ध्या वाटेवर. त्यावर आणखी पुढे जाणे हा एक उपाय असू शकतो, आणि मागे फिरून पाटी पुसणे हाच एकमेव उपाय असे त्या पुराव्यातून निघत नाही.

शिवाय पाण्याच्या गणितात सगळी सामग्री समोर मांडून ठेवलेली असते. तीन आकडे आणि एक अपेक्षित उत्तर. तिथे कोरा माणूस आणि मुरलेला माणूस सारख्याच भांडवलावर बसतात, म्हणून कोरेपणाचा फायदा उठून दिसतो. खऱ्या क्लिष्ट कोड्यात सामग्रीच आधी तयार करावी लागते. कोणती रेघ अक्षराची आणि कोणती दगडाची चीर, कोणती दोन चिन्हे वेगळी आणि कोणती एकाच चिन्हाची दोन वळणे, हे ठरेपर्यंत कोडे मांडलेलेच नसते. न मांडलेल्या कोड्याकडे ताज्या नजरेने पाहून काय होते, ते अशोकाच्या स्तंभांच्या इतिहासात नीट दिसते.

फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात टोपरा गावचा स्तंभ दिल्लीला आणवला. शम्स-ए-सिराज अफीफने लिहून ठेवले आहे की त्यावरचा लेख वाचायला ब्राह्मण बोलावले गेले आणि तो कोणालाही वाचता आला नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी टॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी दिल्लीला आला. त्याच्याइतकी कोरी नजर दुसरी मिळणार नाही. त्याने स्तंभ पाहिला आणि ठरवून टाकले की तो अलेक्झांडरच्या विजयाचा आहे आणि लेख ग्रीक आहे! कोऱ्या नजरेची गंमत ही की ती कोरी कधीच नसते. समोरच्या वस्तूतले तिला काही ठाऊक नसते, म्हणून घरून आणलेले ती त्या वस्तूवर पांघरते.

आता प्रिन्सेप. दंतकथेत तो टाकसाळीतून सहज उठून येतो आणि सांचीच्या छापांवर एक नजर टाकतो. वस्तुस्थितीत तो १८१९ मध्ये हिंदुस्थानात आला, सोन्याचांदीचा कस तपासण्याची नोकरी त्याने कलकत्त्याला आणि बनारसला केली, १८३२ पासून तो एशियाटिक सोसायटीचा सचिव होता, तिचे नियतकालिक त्यानेच सुरू केले होते, आणि देशभर सापडणारी नाणी व लेखांचे ठसे त्याच्या मेजावर येऊन पडत होते. १८३४ मध्ये अलाहाबादच्या स्तंभावरच्या लेखाची नक्कल त्याच्या हाती आली. तेव्हा अर्थ लावण्याच्या भानगडीत न पडता त्याने अक्षरे सुटी केली, त्यांची वर्गवारी केली, कोणते किती वेळा येते ते मोजले आणि तक्ता छापला. त्या तक्त्यात दिसले की मूळ आकार तोच राहतो आणि त्याला ठरावीक जागी ठरावीक छोट्या रेघा जोडल्या जातात. म्हणजे व्यंजनाला स्वरांच्या खुणा, आपल्या काना-मात्रा-वेलांटीसारख्या. एकही अक्षर वाचता येत नसताना लिपी कोणत्या कुळातली हे कळले. पुढे अलाहाबाद, दिल्ली आणि बिहारमधल्या लौरियाचे लेख शेजारी ठेवून पाहता तिन्हीकडे मजकूर एकच आहे, हेही त्याच्या ध्यानात आले. एका दगडावर जिथे अक्षर झिजले होते, तिथे दुसरा दगड साक्ष देऊ लागला.

याच काळात बाकीची माणसे स्वस्थ बसली नव्हती. चार्ल्स विल्किन्सने १७८० च्या दशकात पाल आणि मौखरी राजांचे लेख वाचून ब्राह्मीच्या उत्तरकालीन वळणांचा रस्ता उघडला होता. अलाहाबादच्या त्याच स्तंभावर समुद्रगुप्ताचा लेख आहे. तो १८३४ मध्ये ट्रॉयर आणि मिल यांनी लावला. म्हणजे आठव्या-नवव्या शतकापासून चौथ्या शतकापर्यंत लिपी मागे मागे वाचत येणे झाले होते, राहिली होती ती तळची पायरी. इकडे मुंबई इलाख्यात मराठीचे व्याकरण लिहिणारे रेव्हरंड जॉन स्टीव्हन्सन कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखांशी झगडत होते, आणि गुप्तकालीन वळणांशी ताडून त्यांनी १८३४ मध्ये काही अक्षरे बरोबर ओळखली होती. लेखाचा अर्थ त्यांनी साफ चुकवला, ते वेगळे. १८३६ मध्ये ख्रिस्तियान लासेन या जर्मन पंडिताने अगाथोक्लीस या ग्रीक राजाचे नाणे पुढे आणले. त्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरांत आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मीत राजाचे नाव आहे.

एवढे झाल्यावर १८३७ साली कॅप्टन एडवर्ड स्मिथ या इंजिनिअरने सांचीच्या कठड्यांवरच्या लेखांचे ठसे पाठवले. हे लेख तुटक, एकेका ओळीचे होते, आणि बहुतेक सगळे त्याच दोन अक्षरांनी संपत होते. प्रिन्सेपच्या मनात आले की एवढे सारे लहान लेख एका जागी आहेत, तर ते एका मोठ्या मजकुराचे तुकडे नसावेत. ब्रह्मदेशातल्या बौद्ध मंदिरांच्या आवारात जसे भाविक आपापल्या देणगीवर नाव घालतात तसे हे असावे. शेवटच्या दोन अक्षरांच्या आधी बहुधा एक विशिष्ट अक्षर येत होते. ते षष्ठीचा ‘स’ असणार हे त्याला सौराष्ट्राच्या क्षत्रपांच्या नाण्यांवरून आधीच माहीत होते, कारण त्या नाण्यांवर तो त्या आधी राबत होता. अमक्याचे, मग दोन अक्षरे. ‘दानं’.

लोकांना आवडतो तो क्षण हाच. काही मिनिटांत सगळी वर्णमाला हाती आली, असे प्रिन्सेपने स्वतःच लिहिले आहे, आणि पुढच्या प्रत्येक कथेकऱ्याने ती मिनिटे तेवढी उचलली. पण त्याच मजकुरात तो हेही सांगतो की प्राचीन लिप्यांशी त्याचा इतका परिचय झाला होता की उरलेली बहुतेक अक्षरे पुन्हा पाहताच त्याला नावानिशी ओळखता आली. आणि ‘दानं’ मधून मिळाले काय? ‘द’ आणि ‘न’. नेमकी ही दोनच अक्षरे अशी होती की ज्यांचे अशोककालीन रूप पुढच्या वळणांहून फार वेगळे पडते, म्हणून ती ताडून ओळखता येत नव्हती. म्हणजे नव्या नजरेने दोन घरे भरली. बाकीचा तक्ता जुन्या नजरेने, बऱ्याच जणांच्या जुन्या नजरेने, आधीच भरत आणला होता. ती दोन घरे फार मोलाची होती. पण मिनिटे मोजायची तर १८३४ पासून मोजावी लागतील.

कार्ल्याच्या चैत्यगृहात ज्याने खांबांकडे मान वर करून पाहिले असेल, त्याला हे प्रकरण हाताने चाचपता येईल. खांबांवर देणाऱ्यांची नावे कोरली आहेत; धेनुकाकट गावचे लोक त्यांत पुष्कळ, आणि काही जण स्वतःला यवन म्हणवणारे. नाव, गाव, आणि शेवटी खांब दान दिल्याची नोंद. सांचीचा साचा तोच. स्टीव्हन्सनसमोर हा साचा होता, काही अक्षरेही त्याने ओळखली होती, आणि तो कलकत्त्यातल्या मंडळींपेक्षा कमी बुद्धीचा मुळीच नव्हता. पुढे त्याने सामवेदाचे इंग्रजी भाषांतर केले. पण तो प्रत्येक लेख संस्कृत समजून, सुटासुटा, अर्थापासून सुरुवात करून वाचत होता. प्रिन्सेपने लेखांचा ढीग एकत्र ठेवून ते कसे संपतात एवढेच पाहिले. दोघांत फरक होता तो प्रश्नाचा. कोण किती कोरा, याचा इथे संबंधच येत नाही.

कोरेपणाने प्रिन्सेपला एकदा फसवलेही. देवानांपिय पियदसि हा राजा कोण, याचे त्याने सिंहलद्वीपाचा देवानांपिय तिस्स असे उत्तर दिले. दिल्लीपासून बिहारपर्यंत स्तंभ उभारणारा राजा लंकेचा कसा, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याला दुरुस्त केले जॉर्ज टर्नरने. हा सिलोनमधला मुलकी अधिकारी पाली बखरींत बुडालेला होता, आणि पियदसि म्हणजे अशोक हे त्याला दीपवंसात सापडले. १९१५ मध्ये मस्कीला सापडलेल्या लेखात अशोकाचे नावच कोरलेले मिळाले आणि शंका संपली. कमलाकांत विद्यालंकारांसारखे पंडित प्रिन्सेपच्या शेजारी बसून संस्कृत लावून देत होते, हेही दंतकथेत गळून जाते. खुद्द प्रिन्सेप या कामाने इतका खचला की १८३८ मध्ये त्याला बोटीत घालून विलायतेला न्यावे लागले आणि १८४० मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो गेला. मोकळ्या वेळातला छंदिष्ट म्हणून त्याचे चित्र रंगवणाऱ्यांनी ही तारीख पाहावी.

दुसरा साक्षीदार पूर्वपक्षाला अधिक प्रिय आहे, कारण व्हेंट्रिस खरोखरच विद्यापीठाबाहेरचा होता. १९३६ मध्ये चौदा वर्षांचा असताना लंडनमधल्या प्रदर्शनात त्याने आर्थर इव्हान्सची गाठ घेतली. १९०० मध्ये क्रीटमधल्या क्नोसॉसचे उत्खनन सुरू करून ‘लिनिअर बी’ लिपीतल्या मातीच्या पाट्या बाहेर काढणारा तोच इव्हान्स. अठराव्या वर्षी व्हेंट्रिसने एका अमेरिकी पुरातत्त्व नियतकालिकात लेख छापून आणला, संपादकांना वय कळू न देता. इव्हान्सचे ठाम मत होते की क्रीटची ही संस्कृती ग्रीक नव्हती. कथा सांगते की सगळे विद्वान त्या मताच्या धाकात होते, आणि एका बाहेरच्या तरुणाने बेधडक म्हटले, ही ग्रीक आहे.

असे झालेच नाही. त्या १९४० च्या लेखात व्हेंट्रिसची ताजी, स्वतंत्र, बाहेरच्या माणसाची कल्पना होती ती अशी की या पाट्यांची भाषा इटलीतल्या प्राचीन एट्रस्कनची नातलग आहे. ही कल्पना त्याने बारा वर्षे सोडली नाही. ती चूक होती. या एकाच गोष्टीवर नव्या दृष्टिकोनाचे सगळे माहात्म्य तपासून घ्यावे असे मला वाटते. त्याचा दृष्टिकोन नवा होता, तो हुशार होता, तो अनुभवाने दबलेला नव्हता, आणि तो चुकीच्या दिशेला तोंड करून उभा होता. मग त्याला वळवले कोणी?

ब्रुकलीनच्या कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबरने. ग्रीक-लॅटिनची ही प्राध्यापिका पूर्ण वेळ नोकरी सांभाळून येल विद्यापीठात प्रगत संस्कृत शिकायला जात असे. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा जुनी शुभेच्छापत्रे, चर्चची पत्रके, ग्रंथालयाच्या चिठ्ठ्या कापून तिने टिपणे केली. त्यांची संख्या सुमारे १,८०,००० सांगतात. सिगारेटच्या खोक्यांत ती चिन्हांप्रमाणे लावलेली असत. भाषा कोणती, चिन्हाचा उच्चार काय, या दोन्ही प्रश्नांना तिने हात लावायचे नाकारले. चिन्हे एकमेकांशी कशी वागतात, एवढाच तिचा प्रश्न.

तिचे काम आपल्या भाषेतून सांगता येते. ‘घोडा, घोडे, घोडी’ हे शब्द अशा लिपीत लिहिले आहेत असे धरा, की जिच्यात डा, डे आणि डी ही तीन स्वतंत्र चिन्हे आहेत आणि त्यांच्या आकारात काही साम्य नाही. आपल्याला उच्चार ठाऊक नाहीत. पण ‘घो’ या चिन्हापुढे कधी हे, कधी ते, कधी तिसरे चिन्ह येते आणि संदर्भ सारखेच आहेत, हे मोजणीतून दिसते. तर मग ही तीन चिन्हे एकाच व्यंजनाची, स्वर वेगळे. पुढे ‘आंबा, आंबे’ ही जोडी त्याच संदर्भांत सापडते. तर डा आणि बा यांचा स्वर एक, डे आणि बे यांचा एक. एकाही अक्षराचा उच्चार न कळता व्यंजनांच्या आडव्या आणि स्वरांच्या उभ्या ओळींचा तक्ता भरू लागतो. कोबरने १९४५ ते १९४८ मधल्या लेखांत विकारी शब्दांचे असे गट दाखवले आणि तक्त्याची पहिली घरे मांडली. १९५० मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ती वारली. त्याच साली व्हेंट्रिसने जगभरच्या अभ्यासकांना प्रश्नावली पाठवून तुम्हाला ही भाषा कोणती वाटते असे विचारले होते. वेळेचा अपव्यय आहे, असे तिने खरमरीत कळवले.

व्हेंट्रिसचे मोठेपण असे की त्याने तिचे ऐकले, जरा उशिरा. १९५१ मध्ये एमेट बेनेट या अभ्यासकाने ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या पायलॉसमधल्या, त्याच लिपीतल्या पाट्या प्रसिद्ध केल्या आणि जवळजवळ नव्वद चिन्हांची नीट यादी लावून दिली. ती हाती घेऊन व्हेंट्रिसने कोबरचा तक्ता वाढवत नेला. क्नोसॉसच्या पाट्यांत वारंवार येणारे कोबरचे काही शब्दगट क्रीटमधल्या गावांची नावे असतील का, असा त्याने १९५२ मध्ये अंदाज केला. अम्निसोस, क्नोसॉस, तुलिसोस. दोन-चार चिन्हांना उच्चार देताच तक्त्यामुळे शेजारच्या साऱ्या घरांना उच्चार मिळाले, आणि पाट्यांमधून ग्रीक शब्द वर येऊ लागले. त्याने १ जून १९५२ च्या टिपणात ही शक्यता विरंगुळा म्हणून मांडली, आणि ती लवकरच कोसळेल असेही म्हटले. ती कोसळली नाही. कोसळली त्याची एट्रस्कन.

पुढे जॉन चॅडविक हा केंब्रिजचा प्राचीन ग्रीकचा जाणकार त्याच्या मदतीला आला. १९५३ मध्ये पायलॉसचे उत्खनन करणाऱ्या कार्ल ब्लेगनने तिथल्या एका नव्या पाटीवर तक्ता लावून पाहिला. पाटीवर भांड्यांची चित्रे होती: तीन पायांचे, चार कानांचे, तीन कानांचे, बिनकानांचे. चित्रांशेजारचे शब्द वाचले तर तेच निघाले. लिपी सोडवली गेली तेव्हा ही पाटी व्हेंट्रिसने पाहिलेलीही नव्हती.

इथे पूर्वपक्ष एक रास्त हरकत घेईल. इव्हान्सच्या अधिकाराने पन्नास वर्षे वाट अडवली, हे खरे ना? खरे आहे, पण कशाने अडवली ते पाहा. १९४१ मध्ये तो वारला तोवर हजारो पाट्यांपैकी फार थोड्या छापल्या गेल्या होत्या. त्याच्या संग्रहाचा दुसरा खंड १९५२ मध्ये, मायर्स या अभ्यासकाच्या हातून, बाहेर पडला. कोबर अवघ्या दोनशेच्या आसपास लेखांवर काम करत होती. माल कुलपात होता. कुलूपबंद मालाकडे जगातली सगळी ताजी नजर रोखली असती तरी काय दिसले असते?

माया लिपीचे उदाहरण कोणी काढील म्हणून दोन वाक्ये. तातियाना प्रोस्कोरियाकोफ हीदेखील शिक्षणाने वास्तुविशारद, आणि पिएद्रास नेग्रासच्या स्तंभांवर राजांचे जन्म-राज्यारोहण नोंदले आहे हे तिने १९६० मध्ये दाखवले; पण ती त्या स्थळाची चित्रे १९३० च्या दशकापासून काढत होती. वीस-बावीस वर्षे एकाच दगडांकडे पाहणाऱ्या बाईला नवखी म्हणायचे असेल तर शब्दांना काही धरबंधच उरत नाही.

मग कोडी सोडवण्यात नव्या दृष्टीचे काम नाहीच का? आहे, आणि मंडन करायचे ते त्याचेच. प्रिन्सेप आणि कोबर दोघांनीही एक गोष्ट नवी केली: मोठा प्रश्न बाजूला ठेवून लहान प्रश्न विचारला. ‘हे काय म्हणते?’ ऐवजी ‘हे कसे संपते?’, ‘हे कशाच्या जागी येते?’ असा प्रश्न मुद्दाम लहान करणे ही मुरलेल्या माणसाची चाल आहे. नवख्याला मोठाच प्रश्न दिसतो, कारण लहान प्रश्न कुठे दडले आहेत हे कळायला आधी त्या मालात हात घालावा लागतो. दुसरे असे की या दोघांच्या प्रश्नांना सामग्री ‘नाही’ म्हणू शकत होती. ‘दानं’ चुकले असते तर दिल्लीच्या स्तंभावर ‘द’ आणि ‘न’ घालून वाचताना मजकुराचे कडबोळे झाले असते. एट्रस्कन चूक आहे हे तक्त्याने व्हेंट्रिसला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखवले. दृष्टिकोन नवा की जुना, हा भेद मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. जो दृष्टिकोन पुराव्यासमोर हरू शकतो तो कामाचा, मग तो परक्याचा असो की घरच्याचा. आणि वेळ वाचतो तोही त्यामुळेच, कारण चुकीची वाट लवकर बंद होते.

हे ज्या कोड्यात होऊ शकत नाही तिथली अवस्था आपल्या घरातच पाहायला मिळते. सिंधू लिपीकडे ताज्या नजरेने पाहणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. मुंबईच्या सेंट झेवियर्समधल्या फादर हेरास यांना तिच्यात द्राविडी भाषा दिसली. लोथलचे उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांनी १९८२ मध्ये संस्कृतच्या कुळातली भाषा वाचली. आता दर थोड्या दिवसांनी कोणी अभियंता, कोणी निवृत्त अधिकारी, कोणी संगणकवाला नवे वाचन घेऊन येतो, आणि बातमीत तो विषयाबाहेरचा असल्याचे कौतुक आवर्जून असते. ही वाचने एकमेकांना छेद देतात, तरी एकही मरत नाही. मुद्रांवरच्या लेखांची सरासरी लांबी पाच चिन्हे. दुसऱ्या वाचता येणाऱ्या लिपीतला जोडलेख एकही नाही. पाच चिन्हांत कोणतीही भाषा बसवता येते आणि मुद्रा बिचारी हरकत घेऊ शकत नाही. नव्या नजरेला अडवणारे कोणी नसले म्हणजे तिचे हे होते.

इरावतम् महादेवन हेही मूळचे बाहेरचेच, आयएएस अधिकारी. पण त्यांनी १९७७ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे छापलेला ग्रंथ वाचनाचा नाही, सूचीचा आहे: ४१७ चिन्हे, प्रत्येक चिन्ह कुठे, कोणत्या जागी, कोणत्या शेजाऱ्याबरोबर येते त्याची कोष्टके. काही चिन्हांचे द्राविडी अर्थ त्यांनी सुचवले, लिपी वाचली असा दावा मात्र कधी केला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी ही लिपी समाधानकारक रीतीने उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि मथळे त्याचेच झाले. त्याच घोषणेत चेन्नईच्या रोजा मुथय्या ग्रंथालयाला महादेवन यांच्या नावाच्या संशोधन अध्यासनासाठी दोन कोटी रुपये देण्याचेही होते. दोन्हींपैकी कोणत्या पैशातून लिपी वाचली जाईल, अशी कोणी पैज लावली तर मी लहान रकमेच्या बाजूने उभा राहीन.